सावली कोणाच्या फोटोवर पाडायची

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीवर कोणाचाही विश्वास बसणार नाही. ज्याचा बसेल त्याने गोष्ट संपल्यावर पिरंगुटच्या दवाखान्यात जाऊन डोकं तपासून घ्यावं. पण घडली तशीच सांगायची म्हटल्यावर माझा तरी काय इलाज? भाताच्या गिरणीला लाईट येईपर्यंत कोणाला कुठे जायचंय? रत्नाबाई, तुम्ही त्या पोत्याला टेका. आणि मध्ये मध्ये हसू नका. हसलं की सांगणाऱ्याचा धागा तुटतो.

तर घोटावड्यात कैलासचं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक कॉम्प्युटर, नवरा-नवरीच्या मागे लावायचा धबधब्याचा एक पडदा आणि एक मांजर. शूटिंगला कैलास बरा म्हणावा इतपत. पण मिक्सिंगला, म्हणजे फोटो, शूटिंग, गाणी एकत्र जोडून व्हिडिओ करायला, त्याचा हात धरणारा मुळशी तालुक्यात नाही. त्यातही जुना फोटो हलता करावा तर त्यानेच. पिवळा पडलेला, कोपरा उंदराने खाल्लेला फोटो द्या. कैलास त्यातला माणूस अलगद कापून घ्यायचा, मागे सोनेरी पडदा टाकायचा, माणसाला डावीकडून सावकाश आत सरकवायचा आणि त्याच्या मागे एक काळसर, मऊ सावली सोडायचा. ती सावली पडली रे पडली की फोटो पडद्यापासून वीतभर पुढे आलाय असं वाटायचं. घरच्या बायका पदर सावरायच्या. सासरे आले म्हणून!

सावली इतकी अस्सल, की उन्हाळ्यात दुकानातलं मांजर कॉम्प्युटरपुढे येऊन सावली पडेल त्या बाजूला झोपायचं. फोटो बदलला की मांजर कूस बदलायचं. एकदा कैलासने एका पैलवानाच्या फोटोला जरा दाट सावली दिली, तर मांजराला सटासट शिंका यायला लागल्या. पुढे चार दिवस त्याला कोमट दूध पाजावं लागलं.

अशा या कैलासच्या दुकानात चैत्रातल्या एका सकाळी गोजराबाई आल्या. गोजराबाई तशा कैलासच्या कोणी लागत नव्हत्या. पण त्याची आई गेली तेव्हा तो सातवीत होता, आणि तेव्हापासून त्याचा सकाळचा चहा आणि भाकरी गोजराबाईंच्या चुलीवर. लग्न होऊन सायली घरात आली तरी सकाळचा चहा तिथलाच. तेव्हा गोजराबाईंनी सांगावं आणि कैलासने नाही म्हणावं, असं होणार नव्हतं.

"कैलास, मला एक्याऐंशी पुरी व्हत्यात," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "पोरं मला काट्याच्या पारड्यात बसवून माझी तुला करनार म्हनत्यात. आंबेमोहोर तांदळानं."

"मग चांगलं हाय की आजी."

"काय चांगलं? थोरला म्हनतो माझ्या शेतातला तांदूळ, धाकटा म्हनतो माझ्या. दोघं दोन काटे आननार हायेत. मी काय एक पाय ह्याच्या पारड्यात ठिवू न् दुसरा त्याच्या?"

कैलासला हसू आलं, पण त्याने ते मांजराकडे बघून गिळलं.

"मी सांगून टाकलंय," गोजराबाई म्हणाल्या. "काटा एक, पाटी एक. तांदळाच्या पाटीला दोघांचाबी हात लागला तरच मी पारड्यात बसनार. न्हाई लागला तर उठून घरी. मग पाव्हनं जेवूंद्यात न्हाईतर उपाशी जाऊंद्यात."

"पण आजी, ह्यात मी काय करनार?"

"तू पैलं त्यांना पडद्यावर शेजारी उभं कर. पंधरा वर्सं झाली, माझी दोन पोरं एका फोटूत न्हाईत रं. चार मान्सांत मोठ्या पडद्यावर शेजारी दिसली, तर पाटीला हात लावाया तरी लाजतील का? हे काम तुझं. झालं तर माझी तुला, न्हाई झालं तर मी जशी हाय तशीच बरी."

एवढं बोलून म्हातारी गेली, आणि कैलासने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं. कारण पंधरा वर्षांचं भांडण कशावरून होतं, हे घोटावड्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. सावलीवरून.

थोरले शरदचंद्र शाळेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मास्तर म्हणत. धाकटे जयसिंगतात्या. त्यांनी रस्त्याकडेला खोल्या बांधून हिंजवडीत कामाला जाणारी पोरं भाडेकरू ठेवलेली, आणि उरलेल्या वेळात भातशेती. दोघांच्या खाचरांमध्ये बांध, आणि बांधावर वडिलांनी लावलेला आंबा. आंब्याची सावली जयसिंगतात्यांच्या खाचरात पडायची. सावलीतलं पीक खुरटतं, त्याला आपल्याकडे वसवा म्हणतात. तात्या म्हणाले, झाड तोड. मास्तर म्हणाले, वडिलांनी लावलंय, तोडायचं असेल तर आधी त्यांना विचारून ये. वडील तोवर वारले होते. तिथून बोलणं बंद.

कैलासने तरीही काम सुरू केलं. मध्ये खाली गोजराबाई, वर हार घातलेले त्यांचे मालक, डावीकडून मास्तर सरकत येतात, उजवीकडून तात्या सरकत येतात, आणि आईच्या दोन्ही अंगांना येऊन थांबतात. मागे सनई. प्रत्येकाच्या मागे झकास सावली. कैलासने स्वतःच तीनदा बघितलं आणि तीनदा डोळे पुसले.

मग दोघांना दाखवायला बोलावलं. एकत्र येणं शक्यच नव्हतं. जयसिंगतात्या दहा वाजता आले. त्यांनी फोटो बघितला, खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला, चष्मा काढला.

"कैलास, हे माझ्या खांद्यावर काळं काय हाय?"

"ती मास्तरांच्या फोटोची सावली, तात्या. उजेड डावीकडनं दिलाय ना, म्हनून सगळ्यांच्या सावल्या उजवीकडं."

"म्हंजी आंब्याची सावली माझ्या खाचरात, अन् ह्याची माझ्या खांद्यावर?" तात्यांनी खिशातून टेप काढला. शेतकऱ्याच्या खिशात टेप असतोच असं नाही, पण पंधरा वर्षं बांधावर भांडणाऱ्याच्या खिशात असतो. त्यांनी तो कॉम्प्युटरच्या काचेला लावला. "दीड बोट! दीड बोट आत आलाय माझ्यात! अतिक्रमन हाय हे. काढ आधी."

"काढतो, काढतो."

सावली फिरवणं सोपं होतं. कॉम्प्युटरवर एक गोल चकती असते, ती फिरवली की सावली हव्या त्या दिशेला वळते. कैलासने ती डावीकडे वळवली. अकरा वाजता मास्तर आले. ते दारातून आत येत असताना तात्या बाहेर पडत होते. दोघांच्या मध्ये मांजर होतं, दोघांनीही फक्त मांजराकडे बघितलं.

मास्तरांनी फोटो एकदाच बघितला.

"कैलास, तू माझ्या हाताखाली शिकलास."

"व्हय मास्तर."

"थोरल्या भावाच्या अंगावर धाकट्याची सावली पाडावी, असं मी तुला कोणत्या इयत्तेत शिकवलं?"

"मास्तर, उजेड उजवीकडनं आला तर सावली डावीकडंच पडनार."

"मग उजेडाला सांग!"

कैलासने उजेडाला सगळीकडून सांगून बघितलं. दोन्ही भावांना एकमेकांपासून लांब नेलं, इतकं लांब की एकेकाचा एकेक कानच पडद्यावर उरला. गोजराबाई ते बघून म्हणाल्या, "ही दोघं कुटं निघाली? एक नेऱ्याला अन् एक मुळशीला?" मग त्याने सावली वरच्या दिशेला टाकली. ती थेट हार घातलेल्या वडिलांच्या तोंडावर गेली. खाली टाकली, तर आईच्या डोक्यावर दोन्हीकडून अंधार. शेवटी वैतागून त्याने सावल्या सरसकट पुसून टाकल्या.

नेमकी तेव्हाच सायली डबा घेऊन आली. तिने पडद्याकडे बघितलं आणि डबा खाली ठेवायच्या आधी हात जोडले.

"कोन वारलं?"

"कोन न्हाई वारलं. आजीच्या तुलेचा व्हिडिओ हाय."

"मग ह्यांच्या सावल्या कुटं गेल्या? बिनसावलीचं कोन असतं, म्हाईत न्हाई व्हय तुमाला? अख्खं घर बसवलंय तुमी हडळीच्या पंगतीला. आजींना दाखवू नका, जितेपनी मला पिंपळावर बसवली म्हनतील."

कैलासने डबा उघडलाच नाही. तो आयुष्यात पहिल्यांदा भाकरीवर रुसला. तुला आठवड्यावर आली होती. म्हातारी पारड्यात बसली नाही, तर ती कैलासला एका शब्दानेही बोलणार नाही, उलट दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चहा देईल, हे त्याला माहीत होतं. तोच चहा त्याला नको होता.

तो उठला आणि सरळ बांधावर जाऊन त्या आंब्याखाली बसला. तिथे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत एक अख्खा दिवस काढला. आणि पंधरा वर्षांत कोणी बघितलं नव्हतं ते त्याने बघितलं. सकाळी सावली मास्तरांच्या खाचरात होती. दुपारी बारा वाजता ती झाडाच्या बुडाशी गोळा झाली. दिवस कलला तशी ती तात्यांच्या खाचरात गेली. मास्तर सकाळी पूजेत, म्हणून शेतात यायचे ते ऊन तापल्यावर. तात्या भाडेकरूंच्या पाण्याचे नळ बघून यायचे ते थेट चहाच्या वेळेला. आंबा बिचारा दोघांनाही सारखीच सावली देत होता, बघायला त्या वेळी कोणी नव्हतं एवढंच!

कैलास उड्या मारत दुकानात आला. सावलीला एका जागी बसवायचंच कशाला? चालवायची! आतापर्यंत तो फोटो हलवत होता, आता सावली हलवायची. सुरुवातीला एक खूण, मध्ये एक, शेवटी एक. पहिल्या खुणेला सावली मास्तरांवर, मधल्या खुणेला ज्याची त्याच्या पायाखाली, शेवटच्या खुणेला तात्यांवर. खुणांच्या मधला प्रवास कॉम्प्युटर आपला आपण करतो.

दोघा भावांनी आपापल्या घड्याळाने सावली मोजली. मास्तरांवर बारा सेकंद, तात्यांवर बारा सेकंद. तात्या म्हणाले, "माझ्यावरची संध्याकाळची हाय, ती लांब असती." कैलासने ती वीतभर आखूड केली. मास्तर म्हणाले, "माझ्यावरची सकाळची आहे, ती गार असते, मला सर्दी आहे." कैलासने ती जरा विरळ केली. मग मात्र दोघांनाही काही सापडेना. सापडलं नाही म्हणून दोघांचीही तोंडं उतरली.

वैशाखातला दिवस. तुला ठरली होती तात्यांच्या मोकळ्या खाचरात, बरोबर बारा वाजता, कारण गोजराबाई भर माध्यान्हीला जन्मल्या होत्या. आदल्या संध्याकाळी वळवाचं असं वारं सुटलं, की मांडवाचं अख्खं कापड उडालं आणि सरळ मुळशी धरणात जाऊन पडलं. तिथल्या कोळ्यांनी ते ओढून काढलं तर त्यात सव्वा मण मासळी. सकाळी टेम्पोने मासळी परत आली, पण कापड काही आलं नाही.

झालं. डोक्यावर आभाळ, खाली तापलेली ढेकळं. पाहुणे येतील तसे दोन तट पडले. मास्तरांकडचे डाव्या हाताला, तात्यांकडचे उजव्या हाताला, मध्ये मोटारसायकल जाईल एवढी वाट. वाटेच्या टोकाला काटा, एका बाजूला फुलांनी सजवलेलं पारडं, शेजारी तांदळाची पाटी. मागे भिंतीएवढा स्क्रीन, जनरेटरवर. गोजराबाई नवं नऊवारी नेसून खुर्चीत. त्यांची नजर एकदा या पोराकडे, एकदा त्या पोराकडे, आणि मग कैलासकडे. कैलासने बटन दाबलं.

सनई वाजली. डावीकडून मास्तर सरकत आले, उजवीकडून तात्या. आणि मंडळी, सावली पडली!

पण पडली ती पडद्यावर थांबेना. कैलासने सगळं कसब त्या एका सावलीत ओतलं होतं. ती स्क्रीनच्या कडेवरून खाली उतरली, चौरंगावरून ओघळली आणि डाव्या बाजूच्या पाहुण्यांवर पसरली. गार! मास्तरांकडच्या लोकांनी टोप्या काढल्या. एका मामांनी उपरणं अंगभर लपेटलं. मठ्ठ्याच्या पिंपावर साय धरली. उजव्या बाजूचे लोक घाम पुसत बघत राहिले, आणि मग एक बाई उठली, खुर्ची उचलली आणि वाट ओलांडून सावलीत जाऊन बसली. तिच्यामागून दुसरी. बघता बघता अख्खा उजवा तट डावीकडे.

तेवढ्यात सावली चालायला लागली. खुणेवरून खुणेकडे, सावकाश. तिच्यामागे तीनशे माणसं खुर्च्यांसकट सरकतायत! म्हातारे सरकतायत, लेकुरवाळ्या सरकतायत, आचारी कढई घेऊन सरकतोय. शेजारच्या रानातली एक म्हैस दावं तोडून आली आणि व्याह्यांच्या मध्ये उभी राहिली. तिला कोणी हाकललं नाही, कारण ती रांगेत होती. कोण कोणाकडचा पाहुणा, ते ओळखू येईना.

आणि मग आली मधली खूण. सावली आक्रसली. चादरीएवढी झाली, मग सतरंजीएवढी, मग पाटाएवढी. त्या वेळी आभाळात सूर्यही बरोबर डोक्यावर, कुठल्याच माणसाची सावली जमिनीवर दिसेना. अख्ख्या खाचरात पाटाएवढीच एक सावली उरली, आणि ती कुठे? तांदळाच्या पाटीपाशी!

डावीकडून मास्तर पळाले, उजवीकडून तात्या. चपला ढेकळांत राहिल्या. दोघंही एकदमच सावलीत शिरले. पाटाएवढ्या जागेत दोन थोराड माणसं, पाठीला पाठ, मग खांद्याला खांदा, कारण पाठ वळवायलाही जागा नव्हती. हलावं तर तळपाय पोळतोय. मध्ये पाटी. हात ठेवायला दुसरी जागाच नाही. मास्तरांचा एक हात पाटीच्या कडेला गेला, तात्यांचा दुसऱ्या कडेला.

गोजराबाई खुर्चीतून उठल्या. चालत आल्या आणि पारड्यात जाऊन बसल्या. कैलासला समोरचा स्क्रीन दिसेना, डोळ्यांत पाणी आलं म्हणून. दोघांनी पाटी उचलली, तांदूळ ओतला. पण पारडं काही उचलेना. आणखी एक पाटी ओतली, तरी नाही. शेवटी कैलासच्या लक्षात आलं, म्हातारीबरोबर सावलीही पारड्यात बसली होती! दोन पाट्या तांदूळ नुसता सावलीच्या वजनाचा लागला. उरलेली सावली कैलासने घडी घालून दुकानात नेली, आजही त्याच्या कपाटात वरच्या कप्प्यात…

"आबा, पुरं करा आता!" रत्नाबाई पोत्यावरून उठूनच उभ्या राहिल्या. "किती वेळ झाला ऐकतीया मी. अवो, मी व्हते तितं, मठ्ठा वाढाया. भर बाराच्या उनात पडदा दिसतो व्हय कदी? मोबाईल दिसत न्हाई आपल्याला उनात! सगळा काळा ठिक्कर पडदा. नुसती सनई ऐकू येत व्हती. त्यो कैलास डोक्याला हात लावून खाली बसला व्हता. मास्तर डोळं बारीक करून बगत्यात, तात्या टाचा वर करून बगत्यात, कुनाची सावली कुनावर पडतीया ते काय दिसंना. शेवटाला मास्तरच वळलं अन् म्हनलं, 'जयसिंग, तुला काय दिसतंय का रं?' तात्या म्हनलं, 'न्हाई बा. तुला?' 'मलाबी न्हाई.' पंधरा वर्सांनी पैलं बोलनं ते! मग तात्याच म्हनलं, 'चल, पाय भाजत्यात, आटप पाटी.' म्हातारीनं तेवढं ऐकलं अन् जाऊन बसली पारड्यात. खोटं बोलताय तुमी आबा, धडधडीत खोटं!"